वन्संच्या देवघरातला रेकॉर्डर

दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, सबसे सस्ता डीवीआर कित्ते का पड़ेगा?" सुरुवातीच्या काळात त्याच्याही आधी एक प्रश्न असायचा, "भिया नहीं हैं क्या?" म्हणजे दुकानातला पुरुष कुठाय. मी सांगायची, भिया घर पे रोटी सेंक रहे हैं, तुम काम बोलो. आमचे हे त्या वेळी खरोखरच घरी पोळ्या करत असायचे, पण लोकांना तो विनोद वाटायचा. 'भिया'चा प्रश्न आता कोणी विचारत नाही. स्वस्ताचा प्रश्न मात्र आहे तसाच आहे, आणि तो ऐकला की माझं डोकं अजून तसंच फिरतं.

दुकान देवासला, टेकडीच्या रस्त्यावर. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले, औद्योगिक वसाहतीत टीव्ही जोडायच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली, कारखाना बंद पडल्यावर टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणंच सोडलं, तेव्हा घरोघरी कॅमेरे बसवायला लागले. आमच्या घराण्यातली माणसं संस्थानाच्या कचेरीत खर्डेघाशी करायची. शिडीवर चढून लोकांच्या भिंतींना भोकं पाडणारी त्यांच्यात मी पहिलीच. यंदा गुडघ्यांनी शिडी सोडायला लावली. आता बसून बोलायला मोकळी आहे, आणि जे बोलायचं आहे ते रागाचंच आहे.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. भिंतीवर जो गोल किंवा लांबट कॅमेरा दिसतो, त्याला फक्त दिसतं. त्यानं पाहिलेलं साठवतो तो आत कुठेतरी कपाटावर पडलेला चपटा काळा डबा. त्याला डीव्हीआर म्हणतात. इंटरनेटच्या तारेवर चालणारे कॅमेरे असले तर एनव्हीआर. घरच्या माणसानं या नावांत अडकू नये, दोन्ही रेकॉर्डरच. या डब्याच्या पोटात हार्डडिस्क असते आणि खरी साठवण तिच्यात होते. आता नीट ऐका, कारण सगळे इथेच फसतात. डिस्क मेली तरी डबा चालू राहतो. टीव्हीवर चित्र दिसतं, मोबाइलवर दिसतं, फाटकातून दूधवाला आत येताना दिसतो. माणूस समाधानानं बघतो आणि कामाला लागतो. काल काय झालं ते मात्र कुठेच नसतं.

स्वस्त मागण्यात मला पाप वाटत नाही. मीही हात राखून संसार केलेली बाई आहे. राग येतो तो लोक नेमका कुठे हात आखडतात याचा. शेजाऱ्यांना दिसावेत म्हणून कॅमेरे आठ लावतील, अंधारात रंगीत दाखवणारे, बोलणारे, मान फिरवणारे. डब्याची वेळ आली की, "अंदर ही तो रखना है, कुछ भी दे दो." मी सांगते, उलटं करा. घराला चार साधे कॅमेरे पुरेत. चार कॅमेऱ्यांना चारचाच डबा घ्या, पुढे वाढवायचे असतील तर आठचा. सोळाचा घेऊन बारा भोकं रिकामी ठेवू नका. डबा साध्यातला साधा चालेल, फक्त त्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र निदान इंदुरात असावं. डिस्क मात्र कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्या, नवी घ्या, पंधरा-वीस दिवसांचं राहील एवढी घ्या. डब्याला छोटी बॅटरी जोडा, म्हणजे लाइट गेली तरी तो जागा राहील. आणि दर रविवारी चहा पिता पिता एकदा कालचं रेकॉर्डिंग उघडून बघा. आजचं चालू चित्र नव्हे, कालचं. एवढं सगळं ऐकून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "वो तो ठीक है मॅडम, पर सस्ता वाला?"

एका निवृत्त मास्तरांकडे चोरी झाली. ते सहकुटुंब आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेले होते, परत येतात तो मागचं दार फोडलेलं. तडक दुकानात येऊन चार लोकांत ओरडले, "आपका कैमरा बेकार है, एक फोटो तक नहीं आया!" मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. मास्तर गावाला जाताना शिस्तीत घराचा मेन स्विच बंद करून गेले होते. त्यांचे वडील तसंच करायचे म्हणे, आग लागायला नको म्हणून. मी विचारलं, सर, कैमरा काहे पे चलता है? तर म्हणाले, "वो तो आपको बताना था ना." त्यावर मी काय बोलले ते छापण्याजोगं नाही. मांडूच्या वाटेवर दाल-पानिये, म्हणजे वरण आणि पानात भाजलेल्या मक्याच्या भाकरी, विकणाऱ्या एकानं डबा थेट भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवला होता, का तर तिथे चोराचा हात पोचत नाही. धूर मात्र बरोबर पोचायचा. तीन महिन्यांत आतला पंखा तुपकट काजळीनं जाम झाला, आणि दोष पुन्हा माझ्या मालाचा.

ही सगळी परकी माणसं. त्यांच्यावर मी तोंडभर ओरडून घेतलं आणि घरी येऊन निवांत जेवले. ज्या घरी मला ओरडता आलं नाही, त्या घराबद्दल आता सांगते.

माझी मोठी नणंद धारला असते. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो, आमच्याकडे अजून नणंदेला नावानं हाक मारत नाहीत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या कॉलनीत लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या तेव्हा वन्संचा फोन आला, "वृंदा, तू सगळ्या मालव्याला कॅमेरे लावत फिरतेस आणि आमच्याच घरी नाहीत, बरं दिसतं का?" मी सामान घेऊन गेले. फाटक, मागचं अंगण, जिना आणि हॉल, असे चार कॅमेरे. चारचाच डबा. आणि कोरी डिस्क.

भाऊजींनी डिस्कचं खोकं उलटसुलट करून पाहिलं, आत गेले आणि रुमालात गुंडाळलेली एक डिस्क घेऊन आले. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधली. म्हणाले, "ही पडलीय ना घरात. अच्छी-भली चल रही थी. वेगळी कशाला?"

मी समजावलं. कॉम्प्युटरची डिस्क दिवसातून चार तास काम करते आणि मग विश्रांती घेते. कॅमेऱ्याच्या डिस्कला चोवीस तास, बारा महिने लिहीत राहावं लागतं. ही तर आधीच दमलेली आहे.

भाऊजी हसले. "लिहिणं ते लिहिणंच गं. तुम्ही दुकानदार लोक..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

त्या अर्ध्या वाक्यानं माझं तोंड बंद केलं. भावजय नणंदेच्या घरी नफा काढायला आली, हे बोलणं आमच्या गोतात एकदा सुटलं की मुंजीपासून तेराव्यापर्यंत प्रत्येक पंगतीत ते पुन्हा वाढलं जातं. परक्या गिऱ्हाइकाला मी 'मग दुसरीकडून लावून घ्या' म्हणून सरळ उठले असते. इथे मुकाट्यानं जुनी डिस्क डब्यात बसवली आणि कोरी डिस्क पिशवीत परत टाकली. तीस वर्षं धंदा शिकून मी तिथे भावजयच झाले, याचा मला अजून संताप येतो.

मग डबा ठेवायचा कुठे, याची चर्चा. मी म्हटलं, हॉलमध्ये, हवेशीर जागी. वन्सं म्हणाल्या, देवघरात, देव्हाऱ्याखालच्या कपाटात. चोर देवघरात शिरायचा नाही आणि घरातलंही कोणी पारोशानं हात लावायचं नाही. मी म्हटलं, वन्सं, धूप, निरांजन, त्यात कपाट बंद, तो तापेल. त्यांनी कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवायचं कबूल केलं. दसऱ्याला त्या डब्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलेला फोटो त्यांनी मला कौतुकानं पाठवला. कपाटाचं दार त्या फोटोत पूर्ण उघडं होतं, एरवी ते बंदच असायचं.

त्या घरी थावरीबाई कामाला होती. गंधवानीजवळच्या एका वस्तीतली, नवरा गेल्यावर धारला आलेली. अकरा वर्षं तिनं वन्संकडे भांडी, केर, धुणं, अंगण सगळं केलं. वन्सं आजारी पडल्या तेव्हा त्यांचे पाय चेपत रात्रीची राहिली. वन्सं सगळ्यांना सांगायच्या, "थावरी म्हणजे घरचीच." घरचीच, पण तिचा कप मागच्या अंगणात खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा, आणि देवघराचा उंबरा तिनं अकरा वर्षांत एकदाही ओलांडला नव्हता. सणाला महालक्ष्म्या बसायच्या हॉलमध्ये, तेव्हा तीन दिवस तिनं हॉलच्याही दारातच थांबायचं. हे मी पाहत होते. माझ्या घरीही फार वेगळं नव्हतं, म्हणून तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी दुपारी वन्संचा फोन आला. माझ्या घरीही महालक्ष्म्या असतात, मी शालूच्या निऱ्या घालत होते.

"अगं वृंदा, ते यंत्र देवापाशी सारखं टीं टीं करून राहिलंय. सकाळपासून! सवाष्णी येऊन राहिल्यात, पूजा मांडायचीय. काही तरी कर बाई, पण आधी त्याचं तोंड बंद कर."

डबा उगाच ओरडत नाही. त्याला काही झालं तरच तो बीप देतो, तेवढ्यासाठीच तो आवाज दिलेला असतो. त्यांच्या डब्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्या मोबाइलमध्ये होती. मी उघडून पाहिलं, लाल अक्षरांत डिस्क बिघडल्याचा निरोप आलेला. मी तो वाचला. मला समजला. आणि मी आधी आवाज बंद केला. देवासला बसून, निऱ्या दातांत धरून, एका बोटानं. वन्संना म्हटलं, "झालं. डिस्कला काहीतरी झालंय, विसर्जन झालं की येऊन बघते." त्या म्हणाल्या, "ये गं, घाई नाही, चित्र तर येऊन राहिलंय ना टीव्हीवर."

घाई नाही, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं. वन्संच्या तोंडचं होतं म्हणून मला ते सोयीचं वाटलं. विसर्जन झालं आणि मी एका डाळ गिरणीच्या कामात अडकले. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन. "ठुशी गेली. देवीच्या गळ्यातली, आईची. लॉकरमध्ये ठेवायला दागिन्यांचा डबा उघडला तर नाही. ताबडतोब ये, रेकॉर्डिंग काढायचंय."

देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, बसमध्ये मी एकच हिशेब मांडत बसले होते. काही डिस्का मध्येच बंद पडतात आणि पुन्हा चालू होतात. ही तशी असेल. दोन दिवसांचं तरी मिळेल, विसर्जनाचं तरी मिळेल.

हॉलमध्ये वन्सं, भाऊजी आणि सणात हळदीकुंकवाला येऊन गेलेल्या शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. थावरीबाई दाराशी जमिनीवर. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याची टोपली तिनं दारातून उचलली होती, तेवढ्यावरून ती चोर ठरली होती. मला पाहिल्याबरोबर ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा उजळला.

"लो, कैमरा वाली बई आई गी," ती म्हणाली. "अब देखी लो. म्हूँ तो कब से कई री हूँ, कैमरो देखी लो. उनमें सब आवे हे."

सकाळपासून भाऊजी तिला दम देत होते की कॅमेऱ्यात सगळं आलंय, कबूल कर. आणि ती प्रत्येक वेळी म्हणत होती, मग बघा की. त्या घरात कॅमेऱ्यावर खरा विश्वास असलेलं माणूस ती एकटीच होती.

"आधी तू एकटी बघ," भाऊजी मला मराठीत म्हणाले. "तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेव गं," वन्सं शेजारणीला म्हणाल्या. "या लोकांचं काही सांगता येत नाही. अकरा वर्षं खाऊ घातलं."

पण टीव्ही सगळ्यांसमोरच होता, त्यावर चार चौकोन दिसत होते. त्यातल्या एकात आम्ही सगळे हॉलमध्ये बसलेले, दाराशी उभी थावरीबाई. ती स्वतःकडे पाहत होती. मी माऊस घेतला आणि मागची तारीख उघडली. ज्या दिवसांचं रेकॉर्डिंग असतं ते कॅलेंडरमध्ये रंगीत दिसतात. आवाहनाच्या आदल्या दिवसापर्यंत रंग होता. त्यानंतर सगळं पांढरं.

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?" भाऊजी उठले. "हिनंच वायर काढली असणार!"

वायर होती देवघरात. त्या देवघरात पाऊल टाकायची थावरीबाईला बंदी होती, आणि ती बंदी घालणारी बाई समोर बसली होती. वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. मी बोलायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं, की डिस्क तुमचीच, दमलेली, मी नको म्हटलेली. डब्यानं आवाहनाच्या दिवशी टाहो फोडला, वन्संनी गप्प करायला सांगितलं आणि मी गप्प केलं. विसर्जनाला डिस्क बिघडलेली होती हे मला आणि वन्संना, दोघींनाही माहीत होतं. मी काय म्हटलं? "जुनी डिस्क होती ना, तिचा काही भरवसा नसतो." एवढंच. शेजारणी बसल्या होत्या, वन्सं माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, घरातलं घरात नंतर बोलू. माझ्या कामाची अब्रूही मला त्या क्षणी वाचवायची होती, हेही लिहून टाकते.

थावरीबाईनं मला विचारलं, "म्हारो कई नी आयो उनमें?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ती परत दाराशी जमिनीवर बसली.

भाऊजींनी पोलिसांत दिलं नाही. त्याचं त्यांनी पुढे वर्षभर कौतुक करून घेतलं, किती मोठं मन वगैरे. त्या दिवसापर्यंतचा पगार हातावर ठेवून तिला काढून टाकलं. बातमी पसरवायचं पुढचं काम शेजारच्या दोघींनी केलं. आठवड्याभरात कॉलनीतली तिची बाकीची तीन घरं सुटली आणि ती गंधवानीला परत गेली. मी देवासला आले, दुसऱ्या दिवशी ती कोरी डिस्क घेऊन पुन्हा धारला गेले आणि डब्यात बसवली. पैसे घेतले नाहीत. भाऊजी म्हणाले, "तेव्हाच बसवायची होतीस की."

या वर्षी आवाहनाच्या दिवशी पुन्हा वन्संचा फोन. आवाज आनंदानं फुटत होता. महालक्ष्म्यांची कापूस भरलेली कापडी धडं असतात. सण झाला की ती तशीच सोवळ्यात गुंडाळून पेटीत जातात आणि पुढच्या वर्षीच उघडतात, मधे कोणी हात लावत नाही. यंदा धाकटीचं धड बाहेर काढून झटकलं, तर गळ्याच्या शिवणीतून आत सरकलेली ठुशी खाली पडली. दोरा तुटला होता.

"देवीनंच परत दिली बघ!" वन्सं म्हणाल्या.

मी विचारलं, "थावरीबाईला सांगितलंत?"

"आता ते कशाला, वृंदा? ती कुठे आहे कोणाला ठाऊक. सणासुदीचं जुनं उकरून काय मिळणार? आणि शेजारणींना मी काय सांगू?"

मी वन्संवर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. काय बोलले ते आठवत नाही, पण त्यांनी फोन ठेवला एवढं आठवतं. आमचे हे म्हणाले, सण होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, सण होऊ दे म्हणूनच तर हे सगळं झालं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी गंधवानीला गेले. हाटात दोन बायकांना विचारलं, तिसरीनं रस्ता दाखवला. थावरीबाई भावाच्या ओसरीत मक्याची कणसं सोलत बसली होती. तिनं मला खाट ओढून दिली, पाणी दिलं. मी ठुशीचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. मग मी डब्याचं सांगितलं, डिस्कचं, बीपचं, सगळं, जसं वर लिहिलंय तसं.

तेव्हा तिनं कणीस खाली ठेवलं. "थाने मालूम थो?"

"हो."

"उना दन भी? जब म्हूँ वां बैठी थी?"

"हो."

मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली की तिच्या मुलीच्या सासरपर्यंत बातमी पोचली आहे. मुलगी शेजारच्या घरी गेली तर तिथली म्हातारी भांडी मोजून ठेवते. मी पर्स उघडायला लागले, तशी ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "रेवा दो. जितरा लोग का सामने म्हारे चोर कियो, उतरा का सामने कई दो. बस."

जेवढ्यांसमोर चोर ठरवलं तेवढ्यांसमोर खरं सांगायचं, एवढंच तिचं मागणं. मी तिथून थेट धारला गेले. वन्संना म्हटलं, नवरात्रात तुमच्याकडे हळदीकुंकू असतं, त्याच दोघी येतील, आणखीही येतील, तिथे दोन वाक्यं बोला. तुम्हाला नको असेल तर मी बोलते. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ठुशी चोरली होती. "तू आमच्या घरची आहेस की तिच्या?" भाऊजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दुकानदारी कर तू." नवरात्रात मला बोलावणं आलं नाही.

म्हणून मी इथे लिहिते आहे. हा अंक धारच्या आणि देवासच्या आपल्या सगळ्या मराठी घरांत जातो, त्या दोन शेजारणींच्याही. त्या चोरीचं ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी हेही ऐकावं. थावरीबाईनं ठुशी घेतली नव्हती. ठुशी देवीच्या धडात होती आणि आता ती वन्संच्या लॉकरमध्ये आहे. रेकॉर्डरची डिस्क बिघडल्याचं मला माहीत होतं. त्याचा आवाज मी बंद केला होता. वन्संनाही ते माहीत होतं. ती बाई आमच्यासमोर बसून कॅमेरा बघा म्हणत होती आणि आम्ही दोघी गप्प राहिलो.

अंक हातात आला की एक प्रत घेऊन मी गंधवानीला जाणार आहे. थावरीबाईला वाचता येत नाही, मी तिला हे पहिल्यापासून वाचून दाखवीन. हिंदी करून सांगायची गरज नाही. अकरा वर्षं आमच्या घरात राबून तिला मराठी सगळं समजतं. त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही आपसात जे बोललो, तेही तिला समजलं होतं.